सायबरपंक शहर: आधी प्रकाशाचा मालक ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईत घडणारी पंधरा मिनिटांची सायबरपंक शॉर्टफिल्म करायची आहे (सायबरपंक म्हणजे तंत्रज्ञान पुढे गेलेलं, पण माणसाचं जगणं खालावलेलं भविष्य). रात्र, पाऊस, मोठमोठ्या जाहिराती, ‘ब्लेड रनर’च्या जातकुळीचं शहर. आरजीबी ट्यूब भाड्याने आणल्या, एका बाजूने निळा आणि दुसऱ्या बाजूने गुलाबी लाईट टाकला, स्मोक मशीन लावलं. टेस्टचं फुटेज मात्र डीजेच्या स्टेजसारखं दिसतंय. कॅमेरा बदलायचा का, की लाईट वाढवायचे?

कॅमेरा आहे तोच ठेवा आणि लाईट निम्मे करा.

फ्रेममधला प्रत्येक लाईट कोणाचा आहे हे ठरलेलं नाही, म्हणून ती फ्रेम स्टेजसारखी दिसते. स्टेजवरचा लाईट कलाकारासाठी लावलेला असतो. सायबरपंकमधल्या शहरात प्रकाश ही मालमत्ता असते. कोणीतरी तो विकत घेतलेला असतो आणि तो भलत्याच कोणाच्या तरी तोंडावर पडत असतो. ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) नायक डेकार्डच्या घरातले प्रसंग पुन्हा लावून बघा. घर अंधारं आहे, पडद्याच्या पट्ट्या लावलेल्या आहेत, आणि तरी बाहेरून झोत आत शिरतात, भिंतीवरून फिरतात, निघून जातात. गोष्टीत ते झोत शहरावर फिरणाऱ्या जाहिरातींच्या यानांचे आणि पहाऱ्याचे आहेत. सिनेमॅटोग्राफर जॉर्डन क्रोनेनवेथ यांनी त्यासाठी अरुंद, धारदार झोताचे झेनॉन दिवे खिडकीबाहेर ठेवले. या माणसाला स्वतःच्या घरात अंधारसुद्धा मालकीचा नाही, हे एकाही संवादाशिवाय कळतं. डिस्टोपिया तिथे आहे.

तेव्हा शॉट डिव्हिजनच्या आधी प्रत्येक सीनसाठी तीन गोष्टी लिहा: लाईट कुठून येतो, तो कोणाचा आहे, आणि त्याचा स्विच पात्राच्या हातात आहे का. ज्याचा स्विच पात्राच्या हातात आहे तो लाईट कमी ताकदीचा, स्थिर आणि जुनाट ठेवा. टेबलावरचा दिवा, चोक गेलेली ट्यूब, देवघरातला झिरोचा बल्ब. ज्याचा स्विच दुसऱ्याकडे आहे तो दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा), रंगीत आणि हलता ठेवा. एवढ्यावरच डीजेचं स्टेज नाहीसं व्हायला सुरुवात होते, कारण निळा आणि गुलाबी आता सारख्या ताकदीचे राहत नाहीत. विरुद्ध रंगाचे दोन लाईट समसमान असले की चेहऱ्याचे उंचसखल भाग मरतात आणि नाकावर एक सीमारेषा तेवढी उरते. एक रंग मुख्य ठेवा. दुसरा फक्त कडेला, तोही दोन-तीन स्टॉप खाली. आणि फ्रेममध्ये कुठेतरी एक साधा पांढरा लाईट हवाच, चहाच्या टपरीवरचा बल्बसुद्धा चालेल. डोळ्याला पांढऱ्याचा संदर्भ मिळाला नाही तर तो थोड्या वेळाने रंगाला सरावतो आणि निळा निळा वाटेनासा होतो.

आता धूर. धूर पसरला की काम झालं असं समजून बहुतेक जण तिथे थांबतात. धूर दिसतो तो मागून किंवा पाऊण मागून आलेल्या प्रकाशात. समोरून लाईट टाकलात की तोच धूर काळ्या भागावर दुधाचा थर चढवतो आणि सगळं काँट्रास्ट जातं. तुम्ही स्मोक मशीन आणलंय. त्याचे ढग होतात आणि प्रत्येक टेकमध्ये ढग वेगळ्या जागी असतो, त्यामुळे एडिटिंगला शॉट जुळत नाहीत. भाड्याने हेझर मिळत असेल तर तो घ्या. त्याचे कण बारीक असतात, थर सारखा राहतो आणि बराच वेळ टिकतो. हेझर मिळालाच नाही तर स्मोक मशीन शॉटच्या चार-पाच मिनिटं आधी चालवा, पुठ्ठ्याने किंवा टेबलफॅनने धूर खोलीभर पसरवा आणि ढग विरल्यावरच टेक घ्या. खोलीचे एसी बंद, खिडक्यांच्या फटी टेपने बंद. लांब लेन्सने शूट करताना धूर कमी लागतो, कारण कॅमेरा आणि पात्र यांच्यामध्ये हवा जास्त असते. त्याच सीनमध्ये वाईड शॉट आधी आणि क्लोजअप नंतर लांब लेन्सने घेत असाल तर मध्ये थोडी हवा खेळू द्या, नाहीतर क्लोज धुरकट आणि वाईड स्वच्छ असं उलटंपालटं होतं. उघड्या गल्लीत वारा असेल तर धुराचा नाद सोडा. रस्ता ओला करण्यावर वेळ घाला. बंद जागेत सोसायटीचे स्मोक डिटेक्टर आधी विचारून घ्या, आणि तासन्‌तास आत राहणाऱ्या लाईटमन मंडळींना मास्क द्या. ‘ब्लेड रनर’च्या सेटवरही मास्क लावूनच कामं चालत.

त्या चित्रपटात धूर, पाऊस आणि रात्र यांना आणखी एक कामाचं कारण होतं. रस्त्याचा सेट बरबँकच्या स्टुडिओ बॅकलॉटवरच्या जुन्या ‘न्यूयॉर्क स्ट्रीट’वर उभा होता, आणि तो रस्ता असंख्य चित्रपटांत वापरून झालेला होता. सेट कुठे संपतो हे अंधारात आणि पावसात कळत नाही. तुमच्याकडेही गल्लीच्या टोकाला गृहसंकुलाचं गेट असणार, वर डिश अँटेना असणार. फ्रेमचा निम्म्याहून जास्त भाग काळा राहू द्या. जे दाखवायचं नाही तिथे लाईट जाऊच देऊ नका. नंतर कॉम्प्युटरवर पुसण्यापेक्षा काळं कापड आणि कटर (प्रकाश अडवणारे काळे फलक) स्वस्त पडतात.

पाऊस. खरा पाऊस कॅमेऱ्यात बहुधा दिसतच नाही, आणि दिसला तर आवाजाची वाट लावतो. पावसाचे थेंब काचेच्या मण्यांसारखे असतात, मागून लाईट आला तरच चमकतात. म्हणून पावसाच्या सीनमध्ये सगळ्यात ताकदवान लाईट पात्राच्या मागे, उंचावर हवा, आणि मागची पार्श्वभूमी काळी हवी. घरगुती रेन लाईन करायची तर एक इंची पीव्हीसी पाईप, साधारण ५ मीटर, त्याला दर १० सेंटिमीटरला २ मिलिमीटरचं भोक आणि अर्धा एचपीचा पंप. भोकं वरच्या बाजूला ठेवून पाईप टांगा. पाण्याची धार वर उडून फुटते, थेंब होतात आणि मग खाली येतात. भोकं खाली ठेवली की शॉवरसारख्या सरळ रेषा पडतात आणि नळ कुठे आहे ते लगेच कळतं. पात्राला भिजवायची गरज क्वचितच असते. एक लाईन पात्राच्या मागे आणि हवी तर दुसरी लेन्सच्या मीटरभर पुढे, पात्र मधल्या कोरड्या पट्ट्यात. शटर १८० अंशांवर असेल तर पाऊस रेघांसारखा दिसतो, ९० अंशांवर मण्यांसारखा. सेकंदाला २५ फ्रेम्स असतील तर हे अनुक्रमे १/५० आणि १/१०० सेकंद होतात, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेला दोन्ही चालतात. १/६० वर मात्र ट्यूबलाईटच्या पट्ट्या फिरताना दिसतील.

पावसापेक्षाही जास्त काम ओला रस्ता करतो, आणि तो स्वस्त आहे. ३० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद गल्ली म्हणजे १८० चौरस मीटर. चौरस मीटरला लिटरभर पाणी धरलं तर एका वेळेला १८० लिटर. गरमीत डांबर अर्ध्या तासात सुकायला लागतं, म्हणजे सहा तासांच्या रात्रीत बारा वेळा मारावं लागेल: २,१६० लिटर. गळती आणि चुका धरून ५,००० लिटरचा टँकर पुरतो. पिण्याचं पाणी वापरू नका, बोअरचं किंवा प्रक्रिया केलेलं मागा. कॅमेरा जमिनीपासून ४०-५० सेंटिमीटरवर आणा. नजर जितकी तिरपी, तितकं पाणी जास्त परावर्तन देतं, आणि एका जाहिरातीच्या दोन होतात. पोलरायझर लेन्सवर राहिला असेल तर काढा, तो नेमकी हीच झळाळी खातो.

निऑनकडे येऊ. काचेच्या खऱ्या नळीत निऑन वायू फक्त लालसर केशरी उजळतो. निळा, हिरवा, गुलाबी हे आर्गॉन-पारा आणि नळीच्या आतल्या लेपातून येतात. त्याला हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लागतो, पाण्याजवळ ते आणूच नका. १२ व्होल्टची निऑन फ्लेक्स पट्टी घ्या, मुंबईत लोहार चाळ किंवा लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाचा परिसर. मीटरला साधारण १० वॉट धरा. पाच मीटरची पट्टी म्हणजे ५० वॉट, म्हणजे सव्वाचार अँपिअर. सहा अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेतून १२ व्होल्ट देणारा सप्लाय) घ्या. पाच मीटरहून लांब पट्टी एका टोकाने जोडली की दुसरं टोक मंद पडतं, तेव्हा दोन्ही टोकांना सप्लाय द्या. ओल्या गल्लीत सगळ्यात बरं म्हणजे बॅटरी: यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कागदावर पावणेदोन तास, प्रत्यक्षात या लोडवर तासभर धरून चाला आणि तीन-चार जवळ ठेवा. जिथे मेन लाईन वापराल तिथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) हवाच, आणि जोड जमिनीवर पडलेले नकोत.

दोन ठिकाणी निऑन फसतं. स्वस्त डिमर पट्टीला सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्यात काळ्या पट्ट्या फिरतात. पट्टी फुल ठेवा आणि वरून काळी जाळी किंवा ट्रेसिंग लावून प्रकाश कमी करा. दुसरं, पाटीचं एक्सपोजर. निऑनची नळी जास्त एक्सपोज झाली की गाभा पांढरा होतो आणि रंग फक्त कडेला उरतो. शिवाय लाल किंवा निळ्या एलईडीत एकच चॅनेल आधी फाटतो, म्हणजे त्या रंगातला तपशील जातो, तर साधा मीटर आणि झेब्रा (कॅमेऱ्यातला जास्त एक्सपोजरचा इशारा) सगळं ठीक असल्याचं सांगतात. आरजीबी परेड (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख) उघडा आणि ज्या रंगाची पाटी आहे तो चॅनेल वरच्या रेषेला चिकटलेला नाही एवढं बघा. पाटी चेहरा उजळवेल अशी अपेक्षा करू नका. पाटी बघण्यासाठी असते. चेहऱ्यावरचा तिचा रंग फ्रेमबाहेरच्या, त्याच रंगाच्या मोठ्या मऊ लाईटने द्या.

पाटीवर काय लिहिलंय, यावर बहुतेक टीम पाच मिनिटंही घालवत नाहीत याचं मला खरोखर वाईट वाटतं. ‘ब्लेड रनर’मध्ये जपानी अक्षरं आहेत त्याला कारण आहे: ऐंशीच्या सुरुवातीला जपानी गाड्या आणि इलेक्ट्रॉनिक्स अमेरिकेच्या बाजारात मुसंडी मारत होते, आणि उद्याचं लॉस एंजेलिस कोणाचं असेल ही तिथली धास्ती त्या पाट्यांत उतरली. तिथला पोलीस गॅफ जी बाजारू सरमिसळ भाषा बोलतो, तिच्यात हंगेरियनसुद्धा आहे. मामोरू ओशी यांच्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये (१९९५) शहराचा साचा हाँगकाँगचा आहे, आणि मध्येच तीन मिनिटांहून जास्त वेळ संवाद थांबवून चित्रपट फक्त कालवे, पाऊस, दुकानाच्या पाट्या आणि माणसं दाखवत राहतो. दोन्हीकडे पाट्या त्या शहराच्या भीतीतून आणि बाजारातून आल्या आहेत. दादरच्या गल्लीत जपानी पाटी टांगताना विचारा: इथे कोण आलं, त्याने काय विकत घेतलं, आणि मराठी पाटी कोणी उतरवली? उत्तर असेल तर पाटी ठेवा. नसेल तर देवनागरी, उर्दू, गुजराती, तमिळ लावा. मुंबईच्या उद्याला या लिप्या पुरतात.

देवनागरी निऑन करताना एक खास अडचण येते. फ्लेक्स पट्टी एकाच बाजूला वळते आणि फार लहान वळण घेत नाही, त्यामुळे बोटभर उंचीचं ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ जमत नाही. अक्षराची उंची किमान २५-३० सेंटिमीटर ठेवा. शिरोरेषा वेगळ्या सरळ तुकड्याची करा आणि अक्षरं तिच्याखाली स्वतंत्र लावा. पण सगळीच पट्टी सारखी उजळली की शिरोरेषेचा फुगारा वरच्या मात्रा आणि वेलांट्या गिळतो. ‘मेडिकल’चं ‘माडकल’ वाचलं जातं. शिरोरेषेवर काळ्या जाळीचा एक थर द्या, किंवा मात्रांच्या बुडाशी सेंटिमीटरभर भाग काळ्या रंगाने बुजवा. काचेच्या निऑनमध्येही दोन अक्षरांना जोडणारा नळीचा भाग असाच काळा रंगवतात. मग एक अक्षर बंद ठेवा किंवा अर्धवट फडफडू द्या, त्याने पाटीला वय येतं.

जुन्या चित्रपटांतला केशरी रस्ता आता लोकेशनवर आयता मिळत नाही, कारण सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आलेत. तो रंग हवा असेल तर टंगस्टन लाईटवर फुल सीटीओ (केशरी) आणि पाव प्लस ग्रीन (हिरवट) ही जिलेटिनं, म्हणजे लाईटवरचे रंगीत पारदर्शक कागद, एकत्र लावा. नुसतं सीटीओ लावलं की ते संध्याकाळच्या उन्हासारखं गोड दिसतं. हिरव्याची मळकट छटा आली की रस्ता होतो.

शहराचं दूरचं दृश्य हवंच असेल तर मॉडेल करा, ते अजूनही कामाचं आहे. डग्लस ट्रंबुल यांच्या टीमने ‘ब्लेड रनर’चं सुरुवातीचं औद्योगिक क्षितिज मॉडेलनेच केलं: जवळचे भाग भरीव, मागचे पितळी पत्र्यातून कोरलेले चपटे, दिव्यांसाठी ऑप्टिकल फायबर, आणि खोलीभर धूर. धुराचं गणित इथे समजून घ्या. मॉडेल १:५० असेल तर २ मीटर म्हणजे १०० मीटर. खऱ्या शहरात १०० मीटरवर जेवढा धूसरपणा दिसतो तेवढा इथे २ मीटरमध्ये यायला हवा, म्हणजे धूर पन्नासपट दाट. एवढा धूर सारखा ठेवणं घरच्या खोलीत जमत नाही. त्यातून एकेक फ्रेम दोन-तीन सेकंदांच्या एक्सपोजरने घेणार असाल, तर पाच सेकंदांच्या शॉटला १२५ फ्रेम्स लागतील, आणि तेवढ्यात धूर खाली बसून शॉट लुकलुकेल. त्याऐवजी इमारतींच्या दोन रांगांमध्ये पांढऱ्या मच्छरदाणीची जाळी ताणून लावा, तीन-चार थर, प्रत्येकावर अगदी मंद लाईट. जाळी फोकसमध्ये आली तर तिची वीण लहरींसारखी दिसते, म्हणून ती नेहमी फोकसच्या मागे-पुढे ठेवा. इमारतींना सनबोर्ड वापरलात तर तो प्रकाश झिरपू देतो आणि कडा चमकतात. आतून आधी काळा, मग चंदेरी रंग द्या. १:५० ला मजला ६ सेंटिमीटरचा आणि चार फुटी खिडकी सुमारे २४ मिलिमीटरची. खिडक्यांपैकी एक तृतीयांशच पेटत्या ठेवा आणि त्या ओळीत येऊ देऊ नका.

मॉडेल आणि माणूस एकाच फ्रेममध्ये हवा असेल तर मॉडेल कॅमेऱ्याजवळ ठेवून डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे जवळून लांबपर्यंत जेवढं स्पष्ट दिसतं ते अंतर, वाढवावी लागते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटर लेन्स, एफ ११, फोकस पावणेदोन मीटरवर, म्हणजे साधारण ९० सेंटिमीटरपासून पुढचं सगळं स्पष्ट. रात्रीच्या सीनला एफ ११ वर प्रकाश पुरत नाही ही याची खरी किंमत. मॉडेलवर लांब एक्सपोजर चालतं, माणसावर नाही. ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) युजेन शुफ्टान यांनी यावर आरसा काढला. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशात आरसा, त्यात बाजूला ठेवलेलं मॉडेल दिसतं, आणि जिथे माणसं हवीत तेवढ्या भागाची आरशाची कल्हई खरवडून तिथून थेट सेट दिसतो. कॅमेरा तसूभरही हलवता येत नाही, पण जोड लेन्सच्या इतका जवळ असतो की तो धूसर होऊन मिसळून जातो.

हाच ४५ अंशांचा आरसा ‘ब्लेड रनर’मध्ये डोळ्यांसाठी परत आला. प्रतिमानवांचे (गोष्टीतल्या कृत्रिम माणसांचे) आणि त्यांना बनवणाऱ्या टायरेलच्या घुबडाचे डोळे आतून लालसर उजळतात, त्यासाठी क्रोनेनवेथ यांनी अर्धपारदर्शक आरसा लेन्ससमोर तिरपा धरला आणि बाजूचा मंद लाईट त्यावरून लेन्सच्याच अक्षाने डोळ्यात पाठवला. डोळ्याच्या पडद्यावरून तो आला त्याच वाटेने परत लेन्समध्ये शिरतो. हे तुम्हाला कमी खर्चात जमेल, म्हणून नीट सांगतो.

टेलिप्रॉम्प्टरची काच (अर्धवट आरशासारखी, अर्धवट आरपार) लेन्सच्या पुढ्यात ४५ अंशात लावा, लेप असलेली बाजू कलाकाराकडे. काचेच्या एका बाजूला, लेन्सच्याच उंचीवर, छोटा एलईडी टॉर्च. त्यावर काळ्या कागदाची नळी, म्हणजे प्रकाश इकडेतिकडे सांडणार नाही. टॉर्चच्या बरोबर समोर, काचेच्या पलीकडे, काळं मखमली कापड. हे कापड विसरलात तर काचेतून आरपार गेलेला प्रकाश भिंतीवर पडतो, आणि तीच उजळलेली भिंत काचेत परावर्तित होऊन फ्रेमवर धुकं आणते. आता जुळवणी: बाईकवर लावतात त्या रेडियमचा नखाएवढा तुकडा कलाकाराच्या डोळ्याखाली चिकटवा आणि मॉनिटरमध्ये बघत टॉर्च हळूहळू सरकवा. रेडियम प्रकाश आला तिकडेच परत फेकतो, त्यामुळे टॉर्च लेन्सच्या अक्षावर आला की तो एकदम पेटल्यासारखा दिसतो. तिथे टॉर्च घट्ट करा आणि तुकडा काढा. कलाकाराला दोन-तीन मिनिटं अंधारात बसू द्या, बाहुली मोठी झाली तरच आतला पडदा दिसतो. टॉर्चच्या प्रकाशात गाल उजळलेला दिसायला लागला तर टॉर्च जास्त झाला. आणखी मंद करा. लेन्स ८५ मिलिमीटरच्या आसपास, ॲपर्चर उघडं. प्रॉम्प्टरची काच जवळपास अर्धा स्टॉप खाते. साधी २ मिलिमीटरची काचही चालते, पण ती दहा टक्क्यांच्या आसपासच प्रकाश परत फेकते, म्हणून टॉर्च जोराचा लागतो आणि मखमलीची परीक्षा होते. लेझर कधीही वापरू नका. काचेवरची धूळ दर टेकला ब्रशने झटका, नाहीतर फ्रेमभर ठिपके चमकतील. आणि ही चमक डोकं वळताना सेकंद-दीड सेकंदच दिसू द्या. सतत दिसली की प्रेक्षक युक्ती बघत बसतो.

मालकीचा मुद्दा सगळ्यात सुंदर दिसतो तो ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये (२०१७). बाहेरचं जग उजाड आणि विषारी, आणि उद्योगपती वॉलेसच्या दालनांत मात्र पाण्यावरून उसळलेला सोनेरी प्रकाश भिंतींवर हलत असतो. सिनेमॅटोग्राफर रॉजर डीकिन्स. पाणी ही तिथे सत्ता आहे, आणि ती प्रकाशातून दिसते. याची घरगुती आवृत्ती म्हणजे स्टीलची मोठी परात, तळाशी आरशाचे तुकडे, चार बोटं पाणी, आणि एकच कडक लाईट तिरपा पाण्यावर. सॉफ्टबॉक्स किंवा ट्रेसिंग लावलंत तर लहरी उमटणारच नाहीत. एका बिंदूतून आलेला प्रकाशच लहरींची जाळी भिंतीवर काढतो. परातीला बोटाने हलके टिचकी मारत राहा, पाणी ढवळू नका.

हे सगळं सांगितल्यावर माझं मत असं की पंधरा मिनिटांच्या फिल्ममध्ये निऑनचे दोनच सीन ठेवा आणि उरलेली फिल्म दुसऱ्या वाटेने न्या. ती वाट गोदार यांनी १९६५ मध्ये ‘अल्फाव्हिल’मध्ये दाखवली: वेगळा सेट नाही, स्पेशल इफेक्ट नाही, त्या काळच्या पॅरिसमधल्या काच-काँक्रीटच्या नव्या इमारती, रात्र, आणि राऊल कुतार यांनी वेगवान कृष्णधवल फिल्मवर टिपलेला आहे तो प्रकाश. त्यात हॉटेलच्या खोलीत बायबलच्या जागी एक शब्दकोश असतो आणि त्यातून शब्द काढून टाकले जात असतात. एका पुस्तकाच्या किमतीत अख्खी हुकूमशाही उभी राहते. तारकोव्हस्कींनी ‘सोलारिस’मधलं (१९७२) भविष्यातलं शहर म्हणून टोकियोचे रस्ते आणि बोगदे गाडीतून टिपले, बस. ‘चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये (२००६) काळ २०२७चा आहे, पण वस्तू जुन्या, मळलेल्या, ज्या जगात मूल जन्मत नाही तिथे नवं काही बनवायचं कोणासाठी, हा विचार गाड्यांपासून कपड्यांपर्यंत उतरलेला दिसतो. ‘डिस्ट्रिक्ट ९’ (२००९) सोवेटोच्या चियावेलोमध्ये, लोकांना खरोखर हलवलं जात होतं त्या वस्तीत, चित्रित झाला. शिन्या त्सुकामोतो यांचा ‘तेत्सुओ’ (१९८९) तर १६ मिलिमीटर कृष्णधवल, ६७ मिनिटं, आणि अंगावर चढणारं लोखंड म्हणजे भंगार.

यातून घ्यायचं ते एवढंच: लोकेशनमधली एक गोष्ट बदला, तीही नियमासारखी. प्रत्येक दारावर एकसारखा नंबर, प्रत्येक माणसाच्या मनगटावर एकच पट्टा, प्रत्येक दुकानात एकच तारीख. पट्ट्याला ब्रँड किंवा चमक देऊ नका. तो रेशनकार्डासारखा वापरून मळलेला दिसू द्या. लोकांनी त्याची सवय करून घेतली आहे हे दिसलं पाहिजे, कोणी त्याकडे बघतसुद्धा नाही.

आवाजाकडे मात्र दुर्लक्ष नको. ‘अल्फाव्हिल’मधल्या यंत्राचा आवाज एका अशा माणसाचा आहे ज्याच्या स्वरयंत्राचा उपयोग गेला होता आणि जो कृत्रिम उपकरणाने बोलत असे, म्हणून तो आजही कॉम्प्युटरच्या आवाजापेक्षा जास्त बोचतो. तुमच्या शहरात तीन थर पुरतात. विजेची गुणगुण, आपल्याकडे ५० आणि १०० हर्ट्झची, खोलीगणिक थोडी वेगळी. पाऊस, पण पत्र्यावरचा, ताडपत्रीवरचा आणि डांबरावरचा वेगवेगळा रेकॉर्ड केलेला. आणि सार्वजनिक उद्घोषणा. उद्घोषणेची भाषा नीट लिहा, सरकारी मराठीत, क्रियापदं कर्मणी: ‘सूचित करण्यात येते’, ‘नोंद घेण्यात आली आहे’. ती संवादाच्या ८-१० डेसिबल खाली ठेवा, गल्लीत एका जुन्या भोंग्यातून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करा म्हणजे भिंतींचा प्रतिध्वनी त्यात येईल, आणि पात्र स्वतःच्या घराचं दार लावतं तेव्हा ती बंद करू नका. फक्त आवाजाची वरची पट्टी, म्हणजे तीक्ष्ण स्वर, कापा, म्हणजे ती भिंतीपलीकडून येत राहील.